जाळीवरची फळी

मंगळवारी सकाळी दहा वाजता ऑर्व्हल थेन गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसला होता, आणि त्याची बायको मरून तेव्हा तास होऊन गेला होता.

मंगळवारची सकाळ कुंडावर गावकऱ्यांची असे. बाकीचे दिवस प्रवाशांचे. ऑर्व्हलचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून कामातून गेला होता आणि आठवड्यातून एकदा त्याला शेकलं की उरलेले दिवस तो कसाबसा चालत असे. समोर डेल ॲमंडसन बसला होता. डेल कुंडात उतरला की दर वेळी म्हणे, "बटाटे घाला रे कुणीतरी, रस्सा तयार आहे." त्या दिवशीही तो म्हणाला होता आणि ऑर्व्हल त्या दिवशीही हसला होता.

लाइल बर्डिक काठावर येऊन उभा राहिला. त्याचे बूट चिखलाने माखले होते आणि टोपी हातात होती.

"टोपी घाल रे बाबा," डेल म्हणाला. "तुझ्या टकलाचा उजेड डोळ्यांत येतोय."

"ऑर्व्हल, बाहेर ये," लाइल म्हणाला.

"भराव फुटला का कुठे?" ऑर्व्हलने विचारलं. एकतीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून काढलेल्या माणसाच्या मनात दुसरं काही आलं नाही.

"भराव ठीक आहे. तू कपडे घाल."

सॉल्टर बेंड या गावाचा कालवा नदीपासून निघतो, गावाला वळसा घालतो आणि एकवीस मैलांवर लाव्हाच्या काळ्या खडकात संपतो. त्याच्यावर पंचेचाळीस घरांची शेती आहे: बटाटा, साखरेचं बीट, लसूणघास. कालवा या घरांच्याच कंपनीचा. लाइल तिचा अध्यक्ष, आणि ऑर्व्हलचा शाळेपासूनचा दोस्त.

गाडीत लाइलने सांगितलं. तो रस्त्याकडे बघून बोलत होता.

"आठपासून माझी पाण्याची पाळी होती. पाणी एकदम अर्ध्यावर आलं. म्हटलं जाळी तुंबली असणार. फोन केला तर व्हर्लाने घेतला. म्हणाली, तो कुंडावर गेलाय."

"मग?"

"म्हणाली, मी बघते."

"तू म्हणालास का तिला, जाऊन बघ?"

"नेहमी म्हणतो तेच म्हणालो. म्हटलं, जाऊन येतेस का. तास झाला तरी पाणी वाढेना, म्हणून मी गेलो. ती जाळीला लागलेली होती, ऑर्व्हल. पाण्याखाली."



कालवा जिथे मोठ्या रस्त्याखालून मोरीत शिरतो तिथे लोखंडी जाळी आहे. शेवाळ, फांद्या, वाऱ्याने उडून आलेलं काटेरी झुडूप, कधी मेलेलं वासरू, सगळं तिथे अडतं. जाळीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक फळी टाकलेली आहे, वीतभर रुंदीची. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या दंताळ्याने घाण वर ओढायची. कंपनीचा नियम असा की आधी नदीकडचं वरचं दार बंद करावं, पाणी उतरू द्यावं, मग जाळीला हात लावावा. पण पाणी उतरायला दीड तास आणि पुन्हा भरायला तीन. तोवर ज्याची पाळी असेल त्याची पाळी बुडाली. त्यामुळे जाळी साफ करायला दार बंद केल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. नियम भिंतीवर होता आणि दंताळं हातात होतं.

दुसरा नियम असा की नेमलेल्या पाटकऱ्याखेरीज कुणी दाराला किंवा जाळीला हात लावू नये. तोही भिंतीवरच. ऑर्व्हलला नेमलं तेव्हा कंपनीच्या मंडळाने दोनच गोष्टी विचारल्या होत्या. स्वतःची गाडी आहे का, आणि लग्न झालंय का. "एकाला नेमलं की दोघं मिळतात," असं तेव्हाचा अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाला होता आणि सगळे हसले होते. व्हर्लाही हसली होती. घरचा फोन नंबर प्रत्येकाच्या पाळीच्या कार्डावर छापला गेला आणि एकतीस वर्षं तो फोन व्हर्लाने उचलला. कुणाची पाळी कधी सुरू, कुणाचं दार गळतं, कोण आपलं दार अर्धा तास आधीच वर करतो, सगळं तिला तोंडपाठ. "घड्याळ पुढे गेलंय वाटतं तुमचं," ती फोनवर म्हणे. "माझं बरोबर आहे. दार खाली करा." लोक तिला वचकून असत. ऑर्व्हलला नाही वचकायचे.

ते पोहोचले तेव्हा तिला गवतावर निजवलं होतं. शेरीफच्या कचेरीतला रस्टन तिथे होता. पोरगेला, जेमतेम तिशीचा. त्याने तिच्या अंगावर स्वतःचा कोट घातला होता, पण तो आखूड पडला होता आणि तिचे पाय दिसत होते. एका पायात बूट नव्हता. ऑर्व्हल खाली बसला. गुडघा वाकेना, तेव्हा तो बाजूला कलंडून बसला. त्याने तिचा पाय हातात धरला आणि तसाच धरून ठेवला.

थोड्या वेळाने रस्टन म्हणाला, "मिस्टर थेन, मला विचारावं लागतंय. त्या इथे कशासाठी आल्या होत्या?"

ऑर्व्हलने वर पाहिलं. लाइल आपल्या गाडीला टेकून उभा होता. गाडीच्या मागच्या हौद्यात दंताळं पडलेलं होतं. त्याच्या दातांना हिरवं शेवाळ लोंबत होतं आणि त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. रस्टनला बोलावण्याआधीच लाइलने ते उचलून ठेवलं होतं. लाइलने ऑर्व्हलची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"फिरायला आली असेल," ऑर्व्हल म्हणाला.

हे तो का म्हणाला, याचा विचार त्याने पुढे खूप केला. कंपनीला वाचवायचं असं काही तेव्हा डोक्यात नव्हतं. लाइललाही नाही. डोक्यात एवढंच होतं, की आता गाव म्हणणार, बायको जाळीवर आणि हा गरम पाण्यात. मेलेल्या बायकोचा पाय हातात धरून तो आपली अब्रू सांभाळत होता. दोन दिवसांनी रस्टनने कागद आणला, त्यावर तेच टंकलेलं होतं, आणि ऑर्व्हलने सही केली.

दफनानंतर घरात चीज घातलेल्या भाजलेल्या बटाट्याचे चौदा तसराळी जमा झाली. या गावात कुणी गेलं की हेच येतं. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर देणारीचं नाव. ऑर्व्हलने त्यातली दोन खाल्ली आणि बाकीची कोंबड्यांना घातली. व्हर्ला असती तर म्हणाली असती, कोंबड्यांना तरी थोडं मीठ कमी घाला.

आणि ती फिरायला गेली होती हे गावभर झालं. लोकांना ती फिरताना आठवायला लागली. कुणी म्हणे संध्याकाळी दिसायची, कुणी म्हणे पहाटे. खरंच दिसायची, पण खांद्यावर फावडं घेऊन. लोकांच्या आठवणीतून फावडं तेवढं गळून गेलं. पाद्रीबाबांनी सुद्धा प्रार्थनेत सांगितलं की आपली ही बहीण निसर्गात देवाला शोधत असे. ऑर्व्हल पहिल्या बाकावर बसून ऐकत होता. व्हर्ला कालव्यात काही शोधत असलीच तर भरावाला पडलेली भोकं.

सप्टेंबरात मार्जीन आली. मार्जीन हायवेच्या वळणावरची प्रवाशांची माहिती-खोली चालवते. हातात नकाशा.

"बस," ऑर्व्हल म्हणाला. "कॉफी शिळी आहे."

"चालेल. हे बघ. आपल्याकडे काय नाही? गरम कुंड आहे, बर्फाची गुहा आहे, हरणांची चित्रं कोरलेला खडक आहे, पाण्याचा जुना लाकडी पाट आहे, स्टेशनातलं संग्रहालय आहे."

"आणि त्यातलं दोन डोक्यांचं कोकरू," ऑर्व्हल म्हणाला.

"हसू नकोस. लोक ते बघायला वाकडी वाट करून येतात. पण चाळीस मिनिटं थांबतात, एक ॲपल-पाय खातात आणि निघून जातात. हे सगळं एका वाटेने जोडलं तर जेवायला तरी थांबतील. आणि वाट कुठून जाते बघ." तिने बोट फिरवलं. "कालव्याच्या काठाने. सगळी. स्टेशनापासून लाकडी पाटापर्यंत." मग तिचा आवाज खाली आला. "कालव्याच्या मंडळाने एकमताने ठरवलंय. वाटेला व्हर्लाचं नाव द्यायचं. तिला किती आवडायचं ना काठाने चालायला."

"हं," ऑर्व्हल म्हणाला.

मार्जीनचे डोळे भरले होते. ती वाईट बाई नव्हती. तेव्हाच बोलला असता तर एका बाईपुढे बोलावं लागलं असतं, शिळ्या कॉफीवर. तो बोलला नाही. उलट मार्जीन गेल्यावर त्याला जरा बरं वाटलं, बायकोचं नाव नकाशावर येणार म्हणून.

ऑक्टोबरात कालव्याचं पाणी बंद झालं तेव्हा त्याने काम सोडलं. त्याच्या जागी ब्रॅडी ओकडेनला नेमलं. ब्रॅडीकडे गाडी होती आणि त्याचं लग्न झालं होतं.

मे महिन्यात फलक लागला. जाळीपाशीच लावला, कारण तिथे जुन्या कॉटनवुडच्या झाडाची सावली आहे आणि तीन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. वर व्हर्लाचा फोटो, जत्रेत लोणच्याला बक्षीस मिळालं तेव्हाचा, लोणच्याची बरणी कापून टाकलेला. खाली लिहिलेलं: "व्हर्ला थेन वाट. व्हर्लाला या काठाने निवांत फिरायला फार आवडे. तुम्हीही या, निवांत व्हा." फीत कापायचा समारंभ चार जुलैला ठरला.

जूनमधल्या एका सकाळी ऑर्व्हल कुंपणाची तार आणायला निघाला होता. जाळीपाशी त्याला एक परगावची गाडी दिसली. एक नवरा-बायको कॅमेरा घेऊन उभे होते आणि त्यांच्या समोर फळीवर ब्रॅडीची बायको शॉना दंताळं मारत होती. किरकोळ अंगाची पोरगी. पायात घरातल्या सपाता. स्वयंपाकघरातून तशीच उठून आलेली.

"जरा इकडे बघता का?" कॅमेरावाला तिला म्हणत होता.

ऑर्व्हल गाडीतून उतरला. "शॉना, खाली ये."

"थांबा मिस्टर थेन, एवढा गठ्ठा ओढते. बर्डिकांची पाळी आहे. तीनदा फोन येऊन गेला."

"ब्रॅडी कुठाय?"

"वर, नदीच्या दारावर. बिळांनी भराव पोखरलाय."

"त्याला येऊ दे. तू उतर."

"तो येईपर्यंत बर्डिक मला कच्चं खातील." ती वाकली, दंताळं टाकलं, ओढलं. फळी मधोमध लवली. "तुमच्या वेळी बरं होतं. तुमच्या मिसेसना फिरायला तरी वेळ मिळायचा. मला रात्रीची भांडी सकाळी घासावी लागतात."

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. फलकावर जे लिहिलंय ते वाचून म्हटलं होतं.

ऑर्व्हल फळीच्या टोकाशी गेला आणि त्याने हात पुढे केला. "कठडा मागितला नाहीत का तुम्ही?"

"मागितला की. ब्रॅडीने दोनदा मागितला. मंडळ म्हणालं, इतक्या वर्षांत जाळीवर कधी कुणाला काही झालेलं नाही. तुमच्या मिसेस काठावरून घसरल्या, चालताना. तसं कागदावर आहे म्हणे. मग कठडा कशाला?" तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मी उगाच काढलं ते. माफ करा."

"हात दे," ऑर्व्हल म्हणाला.

ती उतरली. त्याने तिच्या हातातलं दंताळं घेतलं आणि उरलेली जाळी स्वतः साफ केली. परगावच्या माणसाने त्याचाही फोटो काढला.

तार आणायची राहिली. तो तसाच लाइलकडे गेला. लाइल शेडमध्ये पाण्याच्या पाइपाचे सांधे बसवत होता.

"आज सकाळी ओकडेनची बायको फळीवर होती," ऑर्व्हल म्हणाला. "सपाता घालून."

"जाळी तुंबली होती."

"तू तीनदा फोन केलास."

"माझी पाळी होती, ऑर्व्हल. मी काय करू, बीट वाळू देऊ?"

"मंडळाला सांग काय झालं होतं ते. कठडा बसवू दे त्यांना."

लाइलने पाना खाली ठेवला. "वर्ष होत आलं त्याला."

"दहा महिने."

"दहा महिने. हे बघ, फिरायला आली होती असं तू म्हणालास. मी नाही. मी एक शब्द बोललो नाही."

"दंताळं तू उचललंस."

"तुझ्यासाठी उचललं."

"मला बोलावण्याआधी उचललंस. आता कुठंय ते?"

लाइलने शेडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. दंताळं तिथेच होतं, भिंतीला टेकलेलं, दातांमध्ये वाळलेलं गवत. "गोठ्यात वापरतो," तो म्हणाला. "चांगलं आहे. फेकायचं कशाला."

लाइललाही ते ऐकायला कसं वाटलं ते कळलं असावं, कारण तो एकदम भराभर बोलायला लागला. "तू आता उठून सांगितलंस तर काय होईल? वकील येतील. कंपनी म्हणजे कोण रे? तूच, मीच, ही पंचेचाळीस घरं. आणि पहिला प्रश्न तुलाच विचारतील. एकतीस वर्षं तू होतास तिथे. फळी तू टाकलीस. मग कठडा का नाही लावलास?"

"मी उंच आहे," ऑर्व्हल म्हणाला.

तेवढंच उत्तर होतं आणि ते खरं होतं. त्याचे हात लांब. फळीवर ताठ उभं राहून त्याचं दंताळं जाळीच्या तळाला लागे. व्हर्ला त्याच्या छातीपर्यंत यायची. तिला वाकावं लागायचं. हे त्याने हजार वेळा पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

"मग," लाइल म्हणाला. "व्हर्ला काय मला परकी होती? पण ती गेली. तू बोललास आणि मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन मला नीट आठवत नाही. खोटं नाही बोलणार मी. आठवत नाही म्हणेन."

"आठवतंय तुला."

"हो," लाइल म्हणाला आणि पाना उचलला.

चार जुलैला ऊन कडक होतं. कॉटनवुडखाली दीडेकशे माणसं जमली, त्यांत पन्नासेक परगावची. शाळेच्या बँडमधली सहा मुलं दोन धून वाजवून घामाघूम झाली. आइस्क्रीमची गाडी आली होती. फलकाला निळी फीत बांधली होती, आणि ती बांधायला दुसरं काही मिळेना म्हणून तिचं एक टोक जाळीच्या खांबाला बांधलं होतं. मार्जीनने सगळ्या प्रेक्षणीय स्थळांची नावं वाचली, कोकरासकट. मग तिने भलीमोठी कात्री ऑर्व्हलच्या हातात दिली आणि माइक त्याच्या तोंडासमोर धरला. "दोन शब्द," ती हळूच म्हणाली. "जमतील तेवढे."

ऑर्व्हलने पाठ केलं होतं, पण ते आठवलं नाही. जे आलं ते बोलला.

"व्हर्ला फिरायला येत नसे. तिचे पाय दुखायचे. संध्याकाळी ती पाय गरम पाण्यात घालून बसायची. त्या दिवशी जाळी तुंबली म्हणून घरी फोन आला. मी घरी नव्हतो. मी कुंडात बसलो होतो. ती दंताळं घेऊन आली आणि या फळीवरून पडली. फिरायला आली होती हे मी सांगितलं. ते खोटं होतं. फोन लाइलने केला होता, त्याला माहीत आहे. इथे कठडा नाही. आता ओकडेनची बायको याच फळीवर उभी राहते. इथे कठडा पाहिजे."

कालव्याचं पाणी मोरीत शिरताना जो आवाज करतं तो सगळ्यांना ऐकू आला. मग परगावच्या एका बाईला वाटलं भाषण संपलं, आणि तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या मागून आणखी चारपाच जणांनी वाजवल्या.

लाइल पुढे आला. त्याने माइक घेतला आणि दुसरा हात ऑर्व्हलच्या खांद्यावर ठेवला. "आमच्या मित्राला हे वर्ष फार जड गेलंय," तो म्हणाला. "माणूस प्रेम करतो तेव्हा सगळा दोष स्वतःवर घेतो. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत, ऑर्व्हल." आणि खरोखरच सगळे पाठीशी आले. एकेक जण येऊन पाठीवर थोपटून गेला. डेल म्हणाला, "मंगळवारी ये की कुंडावर. घरात बसून डोकं फिरतं." लाइल स्वतः नामानिराळा राहिला, आणि वर चार बायकांनी त्याचं कौतुक केलं, किती सांभाळून घेतलंस म्हणून.

मार्जीनने कात्री पुन्हा ऑर्व्हलपुढे धरली. त्याने ती घेतली नाही. शेवटी फीत तिनेच कापली. बँड वाजला.

गर्दी आइस्क्रीमकडे वळली तेव्हा शॉना त्याच्याजवळ आली. ब्रॅडी लांब उभा राहून बूट बघत होता.

"खरं आहे का ते?"

"खरं आहे."

"मला नको होतं कळायला." तिने वळून ब्रॅडीकडे पाहिलं. "आता फोन वाजला की मी काय करू ते सांगा."

"उचलू नकोस."

"उचलला नाही तर ब्रॅडीला ठेवतील का ते?"

ऑर्व्हलला माहीत होतं की ठेवणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो रस्टनकडे गेला आणि जबाब बदलायचा आहे म्हणाला. रस्टनने सगळं लिहून घेतलं. मध्येच त्याने टोपी काढून ठेवली.

"मी तेव्हा मिसेस थेन यांच्या हातांकडे पाहिलं होतं," रस्टन म्हणाला. "हातात शेवाळ होतं. मला वाटलं, धरायला गेल्या असतील." मग त्याने विचारलं, "आणखी कुणी सांगेल का हे?"

"लाइल."

रस्टनने त्याच्यासमोरच फोन लावला. फोनवर दोन मिनिटं "हो सर, हो सर" झालं. फोन ठेवून तो म्हणाला, "त्यांना नीट आठवत नाही." त्याने कागदावर लिहिलं: पतीचा नंतरचा जबाब, दुजोरा नाही. तो कागद पहिल्या कागदाच्या मागे टाचला.

ऑर्व्हलने मग मंडळाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की विषय सुगीनंतरच्या बैठकीत घेता येईल का ते पाहू. तेव्हा त्याने जुन्या पाइपांचे चार खांब कापले, त्यांना आडवे दांडे जोडले, आणि एका शनिवारी दिवसभर खपून फळीच्या एका अंगाला कठडा बसवला. कमरेच्या उंचीचा. शॉनाच्या कमरेच्या. रविवारी आणि सोमवारी तो कठडा तिथे होता. परगावच्या माणसांनी त्याला टेकून फोटो काढले.

मंगळवारी सकाळी ब्रॅडी गाडीतून आला. त्याने कठड्याचे कापून काढलेले पाइप ऑर्व्हलच्या कुंपणाला एकेक करून नीट लावून ठेवले. मग खिशातून पत्राचं पाकीट काढून दिलं.

"मला काढायला सांगितलं, मिस्टर थेन."

"माहीत आहे."

"मी म्हटलं त्यांना, राहू दे. ते म्हणाले, कंपनीच्या जागेत कुणी काही ठोकायचं नाही."

पत्रात तेवढंच नव्हतं. कंपनीच्या वकिलाने लिहिलं होतं की आता, थेन यांच्या नव्या विधानानंतर, त्या जागी कठडा उभा करणं म्हणजे ती जागा धोक्याची होती हे कबूल करणं होईल. तरी हा विषय तूर्त बाजूला ठेवावा, असा सल्ला आहे. ऑर्व्हलने ते दोनदा वाचलं. आधी तो खोटं बोलला म्हणून कठडा नव्हता. आता खरं बोलला म्हणून नाही.

"कॉफी घेतोस?" त्याने ब्रॅडीला विचारलं.

"नको. वरच्या दारावर जायचंय." ब्रॅडी गाडीत बसला, पण किल्ली फिरवेना. "शॉना हल्ली पोटाला दोर बांधते," तो म्हणाला. "दुसरं टोक त्या फलकाच्या खांबाला. मार्जीन म्हणाली, खांब हलायला लागलाय, तिथे दोर बांधू नका."

तेव्हापासून ऑर्व्हल सकाळी साडेपाचला जाळीवर जातो. कुणाचा फोन यायच्या आत जाळी साफ करतो. नेमलेल्याखेरीज कुणी जाळीला हात लावू नये हा नियम त्याच्याबाबत कुणी काढलेला नाही, कारण जाळी साफ असली की पाणी पुरेसं येतं. फळीवर पाय ठेवताना गुडघा कधीकधी दगा देतो. मग तो थोडा थांबतो आणि पुन्हा ठेवतो. लवकर उठून आलेले प्रवासी काठाने चालत येतात, फलक वाचतात, आणि त्याला विचारतात की व्हर्ला कोण होती. तो सांगतो. पूर्ण सांगतो, फोनपासून. काही ऐकतात, काही घड्याळ बघतात. त्यांना उन्हं चढायच्या आत बर्फाची गुहा गाठायची असते.

सुगी झाली. बैठक झाली. विषय पुढच्या वर्षावर गेला. फलकावरचा मजकूर तोच आहे. लाइलला अजून आठवत नाही. जाळीवर कठडा बसवायचा राहिला आहे.